सुरतच्या चुलत्यांचं नाव कोणी काढायचं?

वाचकाचं पत्र

बाई, नमस्कार. शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून लिहितोय. वय 25. बी.ए. झालं, आता घरची शेती बघतो. काही महिन्यांत आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागेल. आम्ही पाच-सहा मित्रांनी विधानसभेच्या यादीतला आमच्या गावचा भाग उतरवून घेतला, झेरॉक्स काढली आणि गल्लीगल्लीने लाल पेनाने खुणा केल्या. माझे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचं नाव अजून आहे. मित्राच्या दोन बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांची आहेत. चाळीसेक नावं सुरतला राहणाऱ्यांची आहेत, त्यांतली नऊ आमच्याच भाऊबंदकीतली. बहुतेकांची नावं तिकडेही आहेत. आणि माझी वहिनी लग्न होऊन तीन वर्षं या घरात आहे, तिचं नाव नाही. गावाबाहेरच्या आदिवासी वस्तीतल्या बऱ्याच तरण्या पोरापोरींची नाहीत.

आम्ही ठरवलं, नाव काढायचे सात नंबरचे अर्ज एकदम भरून तहसीलला द्यायचे. माझे काका, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एका पॅनलचे प्रमुख आहेत. ते म्हणाले, सुरतच्या नावांना हात लावलास तर माझ्या घरात पाय ठेवू नको. मित्र म्हणतात, घरच्यांना घाबरलास तर कसली सुधारणा करणार? या वेळी गावातलं पैसेवाटपही बंद पाडायचं आहे. मी काय करू?

ता. क. अर्जांच्या झेरॉक्सचा आणि तहसीलला जायच्या गाडीचा खर्च दुसऱ्या पॅनलच्या एकाने देऊ केला आहे.

बाईंचं उत्तर

भाऊ, ताजा कलमापासूनच सुरुवात करते. झेरॉक्सचा खर्च कोण देणार, हे तू पत्र संपल्यावर एका ओळीत लिहिलंस. माझ्या लेखी अख्ख्या पत्रातली तीच ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. ते पैसे घेऊ नकोस. गाडीतही बसू नकोस. चार-पाचशे रुपयांची झेरॉक्स मित्रांनी वर्गणी काढून करा. ज्या दिवशी तुझा गठ्ठा दुसऱ्या पॅनलच्या गाडीतून तहसीलला जाईल, त्या दिवशी यादी शुद्ध करायचं तुझं काम संपलं आणि आबांची मतं कापायचं त्यांचं काम सुरू झालं, असंच गाव समजेल. आणि गावाचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

तो गठ्ठा मुळात चालतही नाही. सात नंबरचा अर्ज म्हणजे यादीतल्या नावावर घेतलेली हरकत. ती घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. त्याने नावानिशी सही करून लिहून द्यायचं असतं की ही माहिती खरी आहे. खोटी निघाली तर 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एकाच माणसाने थप्पीने आणलेले अर्ज स्वीकारू नयेत असा दंडक आहे, आणि ज्याचं नाव काढायचं त्याला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही. म्हणजे तुमचे चाळीस अर्ज गेले तरी चाळीस घरी नोटिसा जाणार, प्रत्येक नोटिशीमागे कोणाची सही आहे हे कळणार, आणि निवडणुकीच्या तोंडावर गावात चाळीस भांडणं उभी राहणार.

आता मी तुला माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला अधिकार नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना मी बरीच वर्षं बीएलओ, म्हणजे एका मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी, होते. शाळा सुटली की यादी काखेत मारून घरोघर जायचं. एका हिवाळ्यात यादीचं पुनरीक्षण (फेरतपासणी) चालू होतं. वस्तीतल्या एका घराला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, गेले ते. मी पुन्हा गेले, पुन्हा कुलूप. दाराला नोटीस चिकटवली, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि शेऱ्यात लिहिलं, स्थलांतरित. कागद अगदी चोख होता. ते कुटुंब दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला गेलं होतं, दर वर्षी जातं तसं. पावसाच्या आधी परत आलं. पुढच्या निवडणुकीला ती बाई कडेवर पोर घेऊन केंद्रावर आली, हातात फोटोचं ओळखपत्र. आतून परत पाठवल्यावर माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मनं नाव कोठे गयं, बाई?"

कुठे गेलं ते मला माहीत होतं. मीच ते खोडलं होतं. ओळखपत्र हातात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे त्या दिवशी मला तिला समजावून सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उन्हात चालत गेली.

त्यानंतर कुलूप दिसलं की मी शेजाऱ्याच्या बोलण्यावर थांबले नाही. मुकादमाचा नंबर घेतला. अंगणवाडीच्या ताईंना विचारलं, रेशन दुकानदाराला विचारलं, आशाताईंना विचारलं. कायदाही हेच सांगतो, फक्त मी तो तेव्हा वाचला नव्हता. 1950च्या त्याच कायद्याच्या कलम 20मध्ये दोन गोष्टी अगदी शेजारी-शेजारी आहेत. गावात नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून त्याचं रहिवासीपण जातही नाही. पहिली गोष्ट सुरतमध्ये पंधरा वर्षं संसार थाटलेल्या तुझ्या चुलत्यांना लागू आहे, दुसरी ऊसतोडीवाल्यांना. तुमच्या लाल पेनाने या दोघांना वेगळं केलं आहे का? पत्रात तसं दिसत नाही. यादी पुन्हा काढून बसा आणि प्रत्येक खुणेसमोर लिहा: कधीपासून नाही, कुठे आहे, बायकामुलं कुठे, पोरं कोणत्या गावच्या शाळेत, परत येतो का. चाळीसची संख्या बदलेल, बघ.

खान्देशात राहून एक मत हलकं समजणं मला पटत नाही. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची गणती आपल्याकडून सुरू होते. एक नंबर अक्कलकुवा, नववा तुझा शिरपूर, विसावा मुक्ताईनगर. राज्यातलं एक नंबरचं मतदान केंद्र नर्मदाकाठचं मणिबेली. सरदार सरोवराच्या फुगवट्यातून मतदान पथक तिथे पाण्यावरून जातं, यंत्रं घेऊन, थोडक्या मतदारांसाठी. तेवढा खटाटोप ज्या यादीसाठी होतो, तिच्यातलं नाव शेजारणीच्या दोन शब्दांवर खोडायचं नसतं.

म्हणून माझा क्रम तुझ्या उलटा आहे. आधी नावं घाला, काढायचं नंतर बघू. आणि घालायची सुरुवात वहिनींपासून.

वहिनींचं नाव माहेरच्या यादीत असणार. तसं असेल तर नव्या नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज भरू नका. आपल्याकडे इथेच घोळ होतो. नवरा उत्साहाने सहा नंबर भरतो, माहेरचं नाव तसंच राहतं आणि एका बाईची दोन नावं होतात. तुझ्या मित्राच्या बहिणींचं असंच काही झालं असेल. पत्ता बदलल्यावर भरायचा तो आठ नंबरचा अर्ज. त्यात जुन्या ओळखपत्राचा नंबर द्यायचा, मग नोंद इकडे येते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर ती दुरुस्तीही आठ नंबरनेच होते. माहेरी कधी नोंदच झाली नसेल, तरच सहा नंबर.

हे काम तीन वर्षं का राहिलं, हेही घरात विचार. मला अशी पुष्कळ घरं भेटली. सून नवी आहे, मत कोणाला देईल सांगता येत नाही, मग बघू. कुठे कोणी मुद्दाम अडवलेलं नसतं, नुसतं कोणाच्या लक्षात आलेलं नसतं, आणि तिने स्वतः विचारलेलं नसतं. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा देशभरात लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख बायकांची नावं गळाली. त्या प्रामुख्याने उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या, आपल्याकडच्या फारशा नव्हत्या. पण वहिनींसारखी बाई यादीत नसते तेव्हा मला तो आकडा आठवतो. अर्ज भरताना मोबाइल वहिनींच्याच हातात दे. ओटीपी त्यांच्याच नंबरवर येऊ दे. तू शेजारी बस.

मग वस्ती. इथे तुम्हा मित्रांचा खरा कस लागेल, कारण इथे राग काढायला कोणी नसतं, नुसतं काम असतं. पूर्वी 1 जानेवारीला अठरा पूर्ण असले तरच त्या वर्षी नाव लागायचं. 2022पासून चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेलं पोरगं आगाऊ अर्ज करून ठेवू शकतं. अर्ज आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा मोबाइल ॲपवर भरता येतो, कागदावर भरून बीएलओकडे देता येतो. अडलं तर 1950 हा फोन नंबर आहे.

कागदपत्रांवरून वस्तीत गाडी अडेल. दोन गोष्टी लक्षात ठेव. पहिली, आधार आहे म्हणजे मतदार यादीत नाव आपोआप लागलं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड शेजारच्याच शहादा तालुक्यात, टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. कदाचित म्हणूनही असेल, कार्ड आलं म्हणजे सगळं आलं असं आपल्या माणसांना वाटतं. आधार पुरावा म्हणून जोडता येतं, पण अर्ज वेगळा करावाच लागतो. दुसरी, ज्याच्याकडे पत्त्याचा नेहमीचा एकही कागद नाही त्याला परत पाठवायचं नसतं. अशा अर्जदाराकडे प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची तरतूद अर्जातच आहे. बीएलओ वस्तीत यायला टाळत असतील तर त्यांना मोटारसायकलवर घेऊन जा. त्यांच्यामागे शाळा असते, अंगणवाडी असते, वरून दहा कामं असतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांचा एक फेरा वाचवा. माझ्या काळात पोरांनी मला असं कोणी नेलं असतं, तर ते कुलूप मी नीट वाचलं असतं.

प्रत्येक अर्जाचा संदर्भ क्रमांक एका वहीत लिहून ठेव. अर्ज नाकारला तर कारण लेखी माग. निर्णयावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. वस्तीतल्या पोरीला अपील लिहून देणारा एक जण गावात असणं, ही माझ्या मते फार मोठी निवडणूक सुधारणा आहे.

आता सुरत. आणि आबा.

आबांना चुकीचं ठरवायची घाई करू नकोस. ते म्हणतात तेही एका परीने खरं आहे. सुरतची माणसं आपलीच आहेत. तापीच्या खोऱ्यातून रेल्वे गेली तेव्हापासून आपली माणसं पोटासाठी तिकडे जातात. उधना, लिंबायत भागात अहिराणी ऐकू येते ती आपल्याच घरांतली. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते तेव्हा सगळी भाऊबंदकी गावाकडे धावते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचं धान्य घेताना घरातली माणसं मोजतात, माणशी सव्वा मूठ. सुरतच्या पुतण्याची मूठ त्यात पडते. तो आला असो की नसो, पडते. आबांना वाटतं, जिथे त्याच्या नावाची मूठ पडते तिथे त्याचं मत का नाही?

हा प्रश्न त्यांनी तुला विचारला नसेल, पण मनात हाच आहे. त्याचं उत्तर तुझ्याकडे हवं. रोटात नातं मोजतात आणि ते जन्मभर मोजावं. मतदार यादीत राहणं मोजतात. ग्रामपंचायतीचा नळ कोणाच्या दारात कोरडा पडतो, गटार कोणाच्या दारात तुंबतं, शाळेत मास्तर नसला तर कोणाचं पोर घरी बसतं, हे ती यादी मोजते. सुरतच्या चुलत्याचा नळ सुरतला आहे. तिथल्या महापालिकेत त्याचं मत नसेल तर त्याच्या गल्लीची दाद कोण घेणार? मला तर आबांपेक्षा त्या चुलत्यांची काळजी जास्त वाटते. परगावी राहणारा माणूस मत गावाकडे ठेवतो, मग ज्या शहरात त्याचं आयुष्य जातं तिथला नगरसेवक त्याला ओळखतही नाही.

आणि दोन्हीकडे नाव ठेवणं तर चालतच नाही. एका मतदारसंघाच्या यादीत नाव असताना दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत नोंदवता येत नाही, कायद्याचं कलम 17 तेच सांगतं. गुजरातमध्ये 2025च्या अखेरीस यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, घरोघर अर्ज वाटून, सह्या घेऊन परत घेतले. तुझ्या चुलत्यांनी तिथे सही केली असेल, तर सुरतच्या यादीत राहायचं त्यांनी आपल्या हाताने ठरवलेलं आहे. मग इथलं नाव त्यांनी ठेवणं म्हणजे उद्या कोणी तक्रार केली तर अडचणीत तेच येणार, आबा नव्हेत. आबांना हे सांग. भावाला जोखमीत ठेवून मत मिळवायचं का, असं मोठ्या माणसाला सरळ विचारायला हरकत नाही. आवाज मात्र चढवू नकोस.

मग नाव कोणी काढायचं? ज्याचं आहे त्याने. सात नंबरचा अर्ज स्वतःच्या नावासाठीही करता येतो. सुरत ठरलं तर त्यांनी इथलं नाव स्वतःच्या सहीने काढावं. नाव फक्त गावात असेल आणि राहणं सुरतला, तर तिकडच्या पत्त्यावर आठ नंबर भरावा, नोंद तिकडे जाईल. आणि कोणी खरंच परत आला असेल, शेती करत असेल, तर उलटं, सुरतचं काढावं. कानबाईला सगळे येतीलच. रोट संपल्यावर ओट्यावर बसतात, तेव्हा तू मोबाइल घेऊन बस. तुझ्या नऊ घरच्या नावांपासून सुरू कर. आजोबांचं नाव तर त्याच्याही आधी, मृत्यूचा दाखला जोडून, वडिलांच्या सहीने. हे घरातलं झाल्यावर इतरांची एकतीस नावं विचारायला तुला तोंड राहील.

कोणी नाहीच म्हणालं तर? विचारून, वाट बघून, सर्वांसमोर सांगूनही एखादं दुहेरी नाव राहिलंच, तर एकट्याने, स्वतःच्या नावाने, पुराव्यासह एक अर्ज कर. नातेवाईक असला तरी कर. त्याला आधी सांगून कर. पाठीमागून करू नकोस.

आबांची परवानगी मागायची का, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. परवानगी मागू नकोस. कल्पना दे. आबा, मी हे अमुक दिवशी करणार आहे, असं त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या पाया पडून सांग. घरात पाय ठेवू नको म्हणाले आहेत ना? मग उंबऱ्याबाहेर उभं राहून सांग. काही महिने अबोला राहील. मी खोटा धीर देत नाही, भाऊबंदकीतले अबोले लांबतात. पण तू दुसऱ्या पॅनलच्या गाडीत बसला नाहीस हे आबांना आज ना उद्या कळेल, आणि त्याच एका गोष्टीवर ते परत बोलायला लागतील असं मला वाटतं.

यादी घरातून गावात न्यायची जागा म्हणजे ग्रामसभा. सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं तसं मतदार यादीचं व्हावं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, असं लेखी पत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) आत्ताच द्या आणि पोच घ्या. बीएलओंना बोलवा. त्याआधी महिला ग्रामसभा होते, तिथे आधी वाचा. कोणती लेक कुठे दिली, कोणती सून कधी आली, हे बायकांना तोंडपाठ असतं. पुरुषांच्या सभेत दोन तास वाद होईल ते तिथे अर्ध्या तासात ठरतं. वाचताना एक पथ्य पाळा. दुबार नावं नंतर वाचा, आधी ज्यांची नावं नाहीत त्यांची यादी वाचा. वस्तीतली पोरं त्या सभेला आली पाहिजेत आणि त्यांची नावं मोठ्याने वाचली गेली पाहिजेत. सभेला गणपूर्ती होत नाही ही सगळीकडची रड आहे, पण आपलं नाव वाचणार म्हटलं तर माणूस येतो.

एक गोष्ट पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. ग्रामपंचायतीची निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग. विधानसभेची यादी करतो तो भारताचा निवडणूक आयोग. दोन्ही वेगळे. राज्य आयोग स्वतःची यादी करत नाही. तो एक तारीख ठरवतो, त्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत वाटतो. त्या तारखेला तुझ्या वहिनींचं नाव विधानसभेच्या यादीत नसेल, तर नंतर कितीही धावपळ केली तरी या ग्रामपंचायतीला उपयोग नाही. पुढे प्रभागनिहाय प्रारूप यादी लागते तेव्हा हरकती मागवतात, पण त्या कशाच्या? नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलं, अशा चुकांच्या. नवं नाव तिथे घालता येत नाही. लोक नेमके तेव्हा जागे होतात आणि तहसीलला जाऊन डोकं फोडतात. म्हणून आषाढातच हात चालव. प्रारूप यादी लागली की ती मात्र प्रभागाच्या सीमेवरच्या घरांसाठी डोळ्यांत तेल घालून बघ. आख्खी गल्ली दुसऱ्या प्रभागात गेलेली मी पाहिली आहे. सातपासून सतरापर्यंत सदस्य निवडायचे, प्रभाग एवढेसे, तिथे पाच-सात मतांवर निकाल फिरतो आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी काढावी लागते.

पैसेवाटपाचं थोडक्यात सांगते, कारण खोटी आशा द्यायची नाही. एका निवडणुकीत ते बंद पडणार नाही. मतासाठी देणं आणि घेणं दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 खाली लाच आहे, हे गावाला सांगा. पण पोरांनी रात्री गल्लीत पहारे देऊन मारामाऱ्या करू नका. पुरावा असेल तर पोलीस आणि तहसीलदारांकडे लेखी द्या. खरं सांगायचं तर सुरतच्या गाड्या हाच तुमच्या गावातला मोठा खर्च असणार. डिझेल, जेवण, वरचे पैसे. यादी सरळ झाली की तो खर्च आपोआप गळतो. उरलेल्यासाठी एक करा. अर्ज माघारीची तारीख गेली की सगळ्या उमेदवारांना एका ओट्यावर बसवा, दोन्ही पॅनल, शेजारी शेजारी. वित्त आयोगाचा किती निधी आला आणि कशावर गेला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून काढून त्यांच्या हातात द्या आणि प्रश्न वस्तीतल्या पोरींना विचारू द्या.

आणि गाव बिनविरोध करून टाकू, भांडणच नको, असं कोणी मोठा माणूस सुचवेल. समजुतीने बिनविरोध झालं तर आनंद आहे. पण देवळाच्या नावाने बोली लावून पद देण्याचा प्रकार आपल्याच भागात घडला आहे. जानेवारी 2021मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीची निवडणूक पदांच्या लिलावावरून रद्द केली. देवळाला कळस चढला तरी ज्याची ऐपत नाही त्याचं उभं राहणंच त्यात विकलं जातं. वहिनींचं आणि वस्तीतल्या पोरांचं नाव एवढ्या कष्टाने लावायचं आणि मग त्यांना मत द्यायची वेळच येऊ द्यायची नाही, असं होऊ देऊ नका.

शेवटचं, आणि हे तू पत्रात कुठे लिहिलं नाहीस. तू स्वतः उभा राहणार आहेस का? तुझं वय 25. एकविसाव्या वर्षापासून ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, आणि सरपंचही आता थेट लोकांतून निवडतात. उभा राहणार असशील तर चांगलंच आहे, तुझ्यासारखी पोरं उभी राहायला हवीत. पण मग यादीचं काम पुढे होऊन तू करू नकोस. दुसऱ्या मित्राकडे दे, आणि आपण उमेदवार आहोत हे चावडीवाचनाच्या आधी सांगून टाक. राहणार नसशील तर तेही त्याच सभेत सांग. काम करताना माणूस कोणासाठी करतोय, हे गाव बरोबर ताडतं.

लाल पेन बाजूला ठेव आणि दोन रंगांची नवी पेनं आण, एक ऊसतोडीवाल्यांसाठी, एक सुरतवाल्यांसाठी. कानबाईनंतर चुलत्यांनी काय ठरवलं ते मला लिही. पण वहिनींचं नाव यादीत आलं, तर चुलत्यांच्या आधी ते कळव.